वयाचा दाखला कोणाच्या पेटीत?



शिरूरहून न्हावऱ्यावरून येणारी सडक पुणे-सोलापूर रस्त्याला जेथे मिळते, त्या ठिकाणाला चौफुला म्हणतात, हे या सभेत कोणाला सांगायला नको. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांची गाठ तेथे पडते. उसाच्या गाड्या तेथून जातात, रांजणगावचा आणि कुरकुंभचा माल तेथून जातो, आणि तेथेच संगीतबारीची थिएटरे आहेत. हे तिसरे सर्वांना ठाऊक असते, फक्त चारचौघांत बोलायचे नसते. आज आम्ही ते बोलणार आहोत. लावणीच्या गोडव्यावर बोलणारे आमच्यापेक्षा पुष्कळ अधिकारी लोक आहेत, त्यांच्या वाटेला आम्ही जात नाही. आमचा विषय एका कागदापुरता आहे: करमणुकीच्या धंद्यात उभ्या राहणाऱ्या बाईच्या वयाचा दाखला. तो केव्हापासून मागितला जाऊ लागला, कोणी मागितला, आणि मिळाल्यावर तो कोणाच्या पेटीत जाऊन पडला, एवढेच आज पाहायचे आहे.

कामगार संघटनेच्या माणसाने या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्याच्या फाटकावर जास्त झाले. तेथे आम्ही जे वाचायला शिकलो ते मस्टर, हजेरीपट आणि पगारपत्रक. मस्टर कोण लिहितो आणि ते कोणाच्या कपाटात राहते, हे कळले की निम्मा खटला कळतो. नाचणारी बाई ही आमच्या लेखी काम करणारी बाई आहे. तिच्या मस्टरकडे आम्ही त्याच नजरेने पाहतो.

या विषयाकडे आमचे लक्ष वेधले ते अमेरिकेतल्या एका कायद्याने. तेथे केवळ प्रौढांसाठी म्हणून जे उघडेवाघडे चित्रपट निघतात, त्यांचा मोठा उद्योग आहे. १९८६ साली असे उघडकीस आले की त्यातली एक नामांकित नटी खोट्या ओळखपत्रावर, अठरा वर्षांची होण्यापूर्वीच, कामे करीत होती. गहजब झाला, आणि १९८८ साली कायदा आला. चित्रपट काढणाऱ्याने प्रत्येक कलावंताचे खरे नाव, तिने आजवर घेतलेली सगळी टोपणनावे आणि जन्मतारीख नोंदवावी, सरकारी ओळखपत्राची प्रत ठेवावी, ही दप्तरे कोठे आहेत त्याचा पत्ता चित्रपटावर छापावा, आणि सरकारी तपासनीस आला की त्याच्यापुढे ती मांडावीत. पुढे २००५ व २००८ साली नियम सुधारले, तेव्हा परदेशी कलावंतांचा प्रश्न आला. नियम असा झाला की परदेशी सरकारने दिलेले ओळखपत्र तेव्हाच चालेल, जेव्हा कलावंत अमेरिकेची नागरिक नसेल आणि चित्रीकरणाच्या वेळी ती स्वतः व दप्तर ठेवणारा निर्माता हे दोघेही अमेरिकेबाहेर असतील. म्हणजे परदेशातून येऊन अमेरिकेत काम करणाऱ्या मुलीच्या हातात तिच्या देशाचा अस्सल पासपोर्ट असला तरी या दप्तराला तो पुरेना. तिला अमेरिकी सरकारचेच कार्ड हवे. निर्मात्यांनी या कायद्याविरुद्ध वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या केल्या. वॉरंटाशिवाय दप्तर तपासणे घटनेविरुद्ध आहे, असे २०१६ साली तेथल्या एका अपील न्यायालयाने ठरवले.

कायद्याचा हेतू वाईट नव्हता. अल्पवयीन मुलीला या धंद्यात ओढू नये, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. पण आमच्यासारख्याचे डोळे दुसऱ्याच ठिकाणी अडकतात. इतक्या तपशिलाच्या त्या नियमांचा सारा भर निर्मात्याच्या दप्तरावर आहे. दप्तर मालकाचे, तपासणी सरकारची, वाद मालक आणि सरकार यांच्यात. जिच्या वयावरून हे सगळे चालले ती बाई त्या कागदात आहे, कागदापाशी नाही. खटला उभा राहिला तर तो कागद सांगणार काय? मालकाने खात्री करून घेतली होती की नव्हती, एवढेच.

ही गोष्ट आम्हांला नवी वाटली नाही. ती आमच्या गिरण्यांची जुनी गोष्ट आहे.

हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा १८८१ चा. सात वर्षांखालच्या मुलाला गिरणीत घेऊ नये, सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून नऊ तासांहून जास्त काम घेऊ नये, असा तो होता. आज ऐकताना अंगावर काटा येतो. पण त्या वेळी एवढेही गिरणीमालकांना जाच वाटले. त्या काळी मुंबईच्या गिरणी कामगारांची बाजू मांडायला उभे राहिले ते नारायण मेघाजी लोखंडे. त्यांचे मूळ गाव कन्हेरसर, खेड तालुक्यातले, म्हणजे आपल्या शिरूरच्या शेजारचे. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची सभा भरवून हजारो सह्यांचा अर्ज सरकारकडे धाडला. १८९१ साली कायदा सुधारला तेव्हा मुलांची किमान मर्यादा सातावरून नवावर आली, १९२२ साली ती बारावर गेली, आणि १९४८ साली चौदावर.

आता प्रश्न असा की सात, नऊ, बारा हे ठरवायचे कसे? मुले आली होती कोकणातून आणि घाटावरून. त्यांच्या आया त्यांचे वय सांगत ते दुष्काळाने आणि साथीने. प्लेगाच्या साली पोटात होता, थोरल्या दुष्काळात रांगत होता. आपल्याकडे अजूनही जुनी माणसे बहात्तरचा दुष्काळ, पानशेत फुटले ते साल, कोयनेचा भूकंप, असेच मोजतात, आणि ते मोजणे पुष्कळ वेळा शाळेच्या दाखल्यापेक्षा खरे असते. पण सरकारला आकडा हवा होता. म्हणून कायद्याने सर्जन नेमला. तो मुलाचे दात बघे, उंची बघे आणि दाखला देई. दात पाहून वय ठरवण्याची ही युक्ती विलायतेतल्या गिरण्यांतून आलेली. बैलबाजारात आपण तेच करतो.

पुढे काय झाले? काही मुलांनी दोन नावांनी दोन दाखले काढले आणि एकाच दिवसात दोन गिरण्यांत पाळ्या केल्या. कारखान्यांच्या तपासनीसांनी हे नमूद करून ठेवले आहे. घरी खाणारी तोंडे जास्त होती, दुसरे कारण नव्हते. दोन्ही गिरण्यांची दप्तरे मात्र स्वच्छ होती.

१९४८ चा कारखाना कायदा आम्ही कलमवार पाठ केला आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात नव्या श्रमसंहिता अमलात येईपर्यंत आमची भाकरी त्याच्यावरच होती. त्याचे अडुसष्टावे कलम असे होते की अल्पवयीन कामगाराचा दाखला व्यवस्थापकाच्या ताब्यात राहील, आणि काम करताना मुलाच्या अंगावर त्या दाखल्याचा क्रमांक असलेला बिल्ला असेल. दाखला साहेबाच्या कपाटात, बिल्ला पोराच्या छातीवर! आम्ही हे कलम पहिल्यांदा वाचले तेव्हा त्यात काही वावगे दिसले नाही. कपाट उघडायची वेळ आली तेव्हा दिसले.

काही वर्षांपूर्वी येथल्याच औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडच्या एका मुलाची बोटे यंत्रात गेली. नुकसानभरपाईसाठी आम्ही उभे राहिलो. ठेकेदाराने फाईल काढली. तीत आधार कार्डाची प्रत, वय एकोणीस, अंगठा, फोटो, सगळे जागच्या जागी. मुलाची आई परराज्यातून आली. ती म्हणाली, पोरगा सोळाचा आहे, थोरलीच्या लग्नाच्या साली झाला. तिच्याजवळ कागद नव्हता. मुलाजवळ तर कामावर घेतल्याची चिठ्ठीसुद्धा नव्हती. अठरा खालच्या मुलाला त्या यंत्रावर लावायचा मुळीच अधिकार नव्हता, ही आमची बाजू त्या फाईलपुढे लुळी पडली. भरपाई मिळाली, ती एकोणीस वर्षांच्या कामगाराची. ठेकेदाराने कायदा मोडला असे कागदावर कोठेच दिसले नाही.

आता चौफुल्याकडे वळू.

संगीतबारीचा कारभार बाहेरच्या माणसाला समजत नाही, म्हणून थोडे खुलासेवार सांगतो. थिएटर एका मालकाचे. तेथे पार्ट्या येऊन राहतात. प्रत्येक पार्टीला एक मालकीण, बहुधा स्वतः एके काळी नाचलेली. तिच्याकडे नाचणाऱ्या मुली, ढोलकीवाला, पेटीवाला, तबलजी. तिकिटावर एकामागून एक बाऱ्या होतात, मग ज्याला पाहिजे तो पैसे भरून वेगळी बैठक लावतो. मिळकतीतून थिएटरवाल्याचा वाटा निघतो, उरलेल्याचे पार्टीत हिस्से पडतात. आणि या सगळ्याच्या मुळाशी असते उचल. ऊसतोडीच्या टोळीला मुकादम जशी देतो तशीच. घरात लग्न, आजारपण, घरबांधणी असे काही निघाले की उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत नाचायचे. ही उचल वहीत लिहिली जाते. आम्ही अशा वह्या पाहिल्या आहेत. त्यांत नाव असते, रकमेचा आकडा असतो, तारीख असते, कधी साक्षीदाराची सहीही असते. वयाचा रकाना नसतो.

का नसतो, याला इतिहास आहे. या धंद्यातल्या पुष्कळ बाया कोल्हाटी, डोंबारी, कळवात अशा जातींतल्या. नाचणाऱ्या बाईने लग्न करायचे नाही, ही रीत. मुलगी वयात आली की एखाद्या पैसेवाल्याच्या हातून तिचा 'चिरा उतरवायचा', ही दुसरी रीत. तेथे वय पंचांगावरून ठरत नव्हते, मुलीच्या अंगावरून आणि देणाऱ्याच्या खिशावरून ठरत होते. हे आम्ही पदरचे सांगत नाही. किशोर शांताबाई काळे यांनी १९९४ साली 'कोल्हाट्याचं पोर' या आत्मकथेत आपल्या समाजाचे हे सारे जगणे उघडे केले. सोलापूर जिल्ह्यातल्या नेरल्याचा हा मुलगा, आई तमाशात नाचणारी. तो शिकून डॉक्टर झाला आणि नावात बापाच्या जागी आईचे नाव लावले. शाळेच्या रजिस्टरात बापाच्या नावाचा रकाना होता. आपल्या महाराष्ट्रात गोरगरिबाची जन्मतारीख म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. ज्या मुलीला बापाच्या नावाच्या रकान्यापाशीच अडवले, ती शाळेत गेली नाही; शाळेत गेली नाही म्हणून तिला दाखला नाही; दाखला नाही म्हणून ती चौदाची की अठराची हे मालकीण सांगेल ते खरे. एका रकान्याने दुसरा रकाना गिळला तो असा.

ज्या शाळेत गेल्या त्यांचे तरी काय? श्रोत्यांपैकी कितीजणांचा जन्म १ जूनचा आहे, हात वर करून पाहा. आमचाही आहे. आमच्या आईला विचारले तर ती सांगे, पोळ्याच्या आदल्या दिवशी. गुरुजींनी मूल उंचीवरून जोखले, शाळा जूनमध्ये उघडते म्हणून १ जून लिहिला, आणि सरकारी कारभार त्यावर बिनबोभाट चालला.

वयाचा हा वाद पुण्याच्या मुलखाला नवा नाही. १८९१ साली संमतिवयाचा कायदा आला, मुलीचे वय दहावरून बारावर नेले, तेव्हा पुण्यात केवढे वादळ उठले ते आपण वाचलेले आहे. धर्मात हात घालू नका हा आक्षेप मोठ्याने झाला. पण जन्माची धड नोंदच नाही तेथे बारा वर्षे सिद्ध कशी करणार, ही अडचणही त्या वादात पुढे आली होती. त्यानंतर थोड्याच वर्षांत, दुष्काळाच्या धामधुमीत, पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्तीचे काम उभारले. चौफुल्यापासून केडगाव हाकेच्या अंतरावर. दुष्काळात घरादाराला मुकलेल्या मुली तेथे आल्या. आईबापांपासून तुटलेल्या पोरीची जन्मतारीख कोणाला विचारायची? तिला आधी जेवू घातले पाहिजे, लिहायला शिकवले पाहिजे. रमाबाईंनी ते केले.

सरकारने या बायकांची नोंद कधी ठेवलीच नाही असे मात्र नाही. इंग्रजांच्या छावण्या होत्या तेथे ठेवली. आपले शिरूर, म्हणजे घोडनदी, ही त्यांची जुनी छावणी. १८१७ च्या अखेरच्या रात्री कोरेगावकडे कूच करणारी पलटण येथूनच निघाली होती. पुढे १८६४ च्या छावणी कायद्याने आणि १८६८ च्या सांसर्गिक रोगांच्या कायद्याने वेश्यांची नावे रजिस्टरात चढवून त्यांना टिकिटे देण्याची आणि ठरल्या दिवशी डॉक्टरी तपासणीला हजर करण्याची पद्धत आली. येथे कागद बाईच्या हातात होता खरा. पण त्या टिकिटाने तिला कोणताच हक्क मिळत नव्हता. ते होते शिपायाच्या प्रकृतीसाठी. बायका नोंदणी चुकवून पळत. १८८८ साली हा कायदा रद्द झाला. तेव्हा कागद नुसता हातात असून भागत नाही, त्यावर काय लिहिले आहे तेही पाहावे लागते.

स्वराज्य आले तसे तमाशावर सुधारकांची नजर वळली. मुंबई सरकारने काही काळ तमाशाला बंदी घातली, मग संहिता तपासून परवाने द्यायची व्यवस्था झाली. वग तपासले, लावण्या तपासल्या, सोंगाड्याचे पाणचट विनोद तपासले. संहितेतल्या शब्दांची एवढी काळजी, आणि ती म्हणणारीच्या कामाचा करार आहे का हे कोणी विचारले नाही. नारायणगावच्या विठाबाई प्रयोगाच्या मध्येच बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकीगत आपण सारे कौतुकाने सांगतो. १९६१ साली बाळंतपणाच्या रजेचा कायदा झाला. तो गिरणीतल्या बाईला लागला, फडातल्या बाईला लागल्याचे आम्ही ऐकले नाही, कारण ती कोणाची नोकर हे कोठे लिहिलेलेच नव्हते.

यानंतरचे मोठे प्रकरण डान्सबारचे. ते मुंबईचे असले तरी त्याची झळ आपल्याकडच्या थिएटरांनाही लागली, म्हणून जरा थांबून सांगतो. २००५ साली राज्य सरकारने मुंबई पोलीस कायद्यात ३३-अ हे कलम घालून बारमधले नाच बंद केले. १५ ऑगस्टपासून बंदी आली. मागोमाग ३३-ब होते: नाटकगृहे, जिमखाने आणि तीन तारांकित व त्यावरची हॉटेले यांना सूट. म्हणजे नाच तोच, गाणे तेच, फक्त पाहणाऱ्याच्या खिशाप्रमाणे तो एका ठिकाणी अधःपात आणि दुसऱ्या ठिकाणी करमणूक. सुमारे पंचाहत्तर हजार बायकांचे पोट त्यावर होते असे तेव्हा सांगितले जाई. त्या बायकांनी युनियन बांधली, मोर्चे काढले, कोर्टात गेल्या. आम्हांला त्या वेळी पुष्कळ कार्यकर्त्यांनी विचारले, याला तुम्ही कामगार चळवळ म्हणता? आम्ही म्हणालो, म्हणतो. कामावरून काढले की मोर्चा निघतो.

सरकारच्या बाजूने जी कारणे दिली गेली त्यांत एक होते अल्पवयीन मुलींचे. ते कारण खोटे नव्हते, अशा मुली तेथे होत्या. पण उपाय पाहा. अल्पवयीन मुलगी सापडली तर तिला आणणाऱ्याला धरावे, त्यासाठी कायदे होते. सरकारने सज्ञान बायकांचे कामच बंद केले. मुंबई उच्च न्यायालयाने १२ एप्रिल २००६ रोजी ही कलमे रद्द केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने १६ जुलै २०१३ रोजी तो निकाल कायम केला. शोषण थांबवायला हाती असलेले नियम वापरा, असेच दोन्ही निकालांचे म्हणणे पडले. मधल्या आठ वर्षांत त्या बाया गेल्या कोठे? कित्येकजणी गावी परतल्या, कित्येक शरीरविक्रयात ढकलल्या गेल्या, कित्येक आखातात गेल्या.

२०१६ साली सरकारने नवा कायदा केला, त्याच्या अटींची छाननी सर्वोच्च न्यायालयाने १७ जानेवारी २०१९ च्या निकालात केली. आमच्या मते या सबंध इतिहासातले सर्वांत विचार करण्यासारखे पान हे आहे. नाचाच्या जागी कॅमेरे लावून चित्रण ठेवावे, ही अट न्यायालयाने काढून टाकली. ती खाजगीपणावर घाला आहे म्हणून. बाईशी लेखी करार करावा आणि तिचे पैसे बँकेत जमा करावेत, हे मात्र राहू दिले. महिन्याच्या पगाराची सक्ती तेवढी काढली, कारण ती चार ठिकाणी काम करू शकते. नोंद दोन्हीकडे होती. एक नोंद बाईकडे पाहणारी होती, ती गेली. दुसरी बाईला दाखवता येण्यासारखी होती, ती राहिली. न्यायमूर्तींनी कामगाराच्या बाजूने विचार करून हे केले असेल किंवा नसेल. आमच्यासारख्याला त्यातून जे घ्यायचे ते घेता येते.

आखाताचा उल्लेख केला, म्हणून परदेशी कलावंताविषयी दोन शब्द. आपण परदेशी म्हटले की कोणी गोरी नर्तकी डोळ्यांसमोर आणतो. हॉटेलवाल्याने परदेशी पाहुण्याची वर्दी पोलिसांना द्यायची, हा नियम १९३९ च्या परदेशी नोंदणी कायद्यापासूनचा; २०२५ साली तो कायदा जाऊन नवा आला तरी वर्दी राहिलीच. पण दुबईच्या बारमध्ये नाचणारी आपली मुलगी तेथे परदेशीच आहे. आखातातल्या मालकाने कामगाराचा पासपोर्ट काढून आपल्या तिजोरीत ठेवायचा, ही तेथली जुनी खोड आपल्याकडच्या गवंड्यांना, ड्रायव्हरांना चांगली माहीत आहे. आपला १९६७ चा पासपोर्ट कायदा असा की पासपोर्ट अडकवून ठेवायचा अधिकार पासपोर्ट अधिकाऱ्याचा. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पोलिसांनाही तो नाही. मग बारच्या मालकाला कोठून असणार? तरी तो ठेवतो. त्या पासपोर्टात तिचे वय आहे, नाव आहे, परत यायचा रस्ता आहे. मालक म्हणतो, हरवेल म्हणून जपून ठेवला.

शेवटी आजची स्थिती. अठरा वर्षांखालची व्यक्ती म्हणजे बालक, हे २०१२ च्या कायद्याने पक्के झाले आहे. छाप्यात मुलगी सापडली की तिचे वय ठरवायचे कसे, याचा क्रम २०१५ च्या बालन्याय कायद्यात आहे: आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तर हाडांची डॉक्टरी तपासणी. हाडांवरून काढलेल्या वयात दोन वर्षे इकडे की तिकडे, असे न्यायालयांनी १९८२ पासून मानले आहे. सोळाची मुलगी अठराची ठरायला, आणि अठराची बाई सोळाची ठरून सुधारगृहात अडकायला, ही दोन वर्षे पुरेशी आहेत. दात गेले, हाडे आली. आणि आधार कार्ड? ज्याची प्रत प्रत्येक फाईलमध्ये असते ते वयाचा पुरावा म्हणून धरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑक्टोबर २०२४ रोजी स्पष्ट केले. तेथेही शाळेचाच दाखला वरचढ ठरला. आमच्या त्या बोटे गेलेल्या मुलाला हा निकाल उशिराचा.

चित्रपट-मालिकांतल्या मुलांसाठी २०१७ चे नियम बरे आहेत, तेही सांगितले पाहिजे. जिल्हाधिकाऱ्याची परवानगी, दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, आणि मिळकतीचा किमान पाचवा हिस्सा मुलाच्या नावाने बँकेत मुदतठेव. ही ठेवीची पावती म्हणजे मुलाच्या हातात येणारा कागद आहे. पण या नियमांची ऊब मुंबईच्या स्टुडिओंपर्यंत. पार्टीबरोबर राहणाऱ्या, आईच्या मागे बसून टाळ्या द्यायला शिकणाऱ्या मुलीसाठी जिल्हाधिकाऱ्याकडे कोण जातो?

नव्या श्रमसंहितेत प्रत्येक नोकराला नेमणुकीचे पत्र दिलेच पाहिजे असे आहे. आम्ही ते थिएटरात मागितले तर मालक काय म्हणेल हे आम्हांला आत्ताच ठाऊक आहे. म्हणेल, या माझ्या नोकर नव्हेत, माझी नुसती जागा आहे. पार्टीची मालकीण म्हणेल, या माझ्या भाचीबहिणी आहेत. गिरणीत बदली कामगाराला असेच उत्तर मिळे, आणि त्यावरही वर्षे खर्ची घालून आम्ही मार्ग काढला होता. येथे आमची मागणी लहान आहे. उचलीच्या वहीत एक रकाना वयाचा वाढवा, त्याला शाळेच्या किंवा जन्माच्या दाखल्याचा आधार द्या, आणि त्या पानाची सही-शिक्क्याची नक्कल त्या बाईला द्या. अठरा पुरे नसतील तर उचल देऊ नका. नक्कल तिच्या ट्रंकेत राहू द्या.

२०२३ च्या दुरुस्तीने १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा झाला आहे, आणि १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या नावात सरकारी कागदावर आईचे नाव बापाच्या नावाआधी येते. त्यांच्यातली पहिली मुलगी अठरा वर्षांची होईल २०४१ च्या ऑक्टोबरात. तोवर ज्या येतील त्यांच्या तारखा १ जूनच्याच असणार. शाळेच्या दाखल्याची दुसरी प्रत मिळवण्यासाठी मुख्याध्यापकांना लिहायचे अर्ज आमच्या कचेरीत फुकट लिहून मिळतात. गेल्या काही वर्षांत या थिएटरांतल्या बायाही येऊ लागल्या आहेत. त्या अर्जात सर्वांत अडणारा रकाना बापाच्या नावाचा नाही, शाळेच्या नावाचा आहे. फडाबरोबर फिरलेल्या मुलीला आपण कोणत्या गावच्या शाळेत किती महिने बसलो ते आठवत नाही. मग आम्ही विचारतो, गावाला नदी होती का, देऊळ कशाचे होते, जत्रा कोणत्या महिन्यात भरे. आणि त्यावरून गाव काढतो.